पिवळं लावलंस का?

तिला घरात सगळे घार म्हणत. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि सुट्टीच्या दिवशी ते काम घरी आणत. घड्याळातला तिळाएवढा स्क्रू हातातून निसटला की सगळं घर पाय वर घेऊन खुर्च्यांवर बसायचं, केरसुणीला कोणी हात लावायचा नाही, आणि बाबा डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून हाक मारायचे, "घारीला बोलवा." ती यायची, मान जराशी कलती करून फरशीवरून नजर फिरवायची आणि जागच्या जागी उभी राहून बोट दाखवायची. स्क्रू तिथेच असायचा. तेव्हापासून घरात तिच्या डोळ्यांचा असा काही दरारा बसला की शाळेत मार खाल्ल्याचं तिचा दादा आईपासून लपवू शकायचा, तिच्यापासून नाही.

बाबांचं उलट. भिंगाखाली त्यांना सगळं दिसायचं, पण रंग मात्र कळायचे नाहीत. जन्मापासून तसंच होतं. लाल-हिरव्याची गल्लत तर ठरलेली, आणि फिकट रंग म्हणजे नुसता गोंधळ. एका पायात तपकिरी आणि दुसऱ्या पायात हिरवा मोजा घालून ते खुशाल दुकानात जाऊन बसत आणि गिऱ्हाईक हसलं की आपणही हसत. आई होती तोवर त्यांचे कपडे तीच काढून ठेवायची. आई गेल्यावर ते खातं घारीकडे आलं. शर्टाचा डाग गेला का, फळ पिकलं का, हा कोट त्या पँटवर चालेल का, काहीही विचारा, बाबांचं उत्तर एकच असायचं, "रंगाचं मला नका विचारू, घारीला विचारा."

मोठी झाल्यावर घारीने धंदाही रंगांचाच धरला, यात नवल नाही. तयार कपडे विकणाऱ्या एका कंपनीत ती फोटोंचे रंग जुळवायची. हातातला स्वेटर आणि मॉनिटरवरच्या फोटोतला स्वेटर, दोघांचा रंग एक दिसला पाहिजे, नाहीतर लोक माल परत पाठवतात. तिच्या कामाच्या खोलीला खिडकी नव्हती, भिंती राखाडी होत्या आणि तिथे भडक कपडे घालून यायला बंदी होती, कारण लाल सदऱ्याची झाकसुद्धा मॉनिटरवर पडते. नव्याने आलेल्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळे लबाड असतात, त्यांना कशाचीही सवय होते. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसलात की पिवळा कागद पांढरा वाटायला लागतो. शंका आली की चित्रातली खात्रीने पांढरी असलेली वस्तू शोधा, तिच्यावर क्लिक करा आणि आकडे बघा. हे ती इतक्यांदा बोलली होती की झोपेतही बोलली असती.

अशा या डोळ्यांनी एक दिवस संप पुकारला. आधी नुसती जळजळ, मग कपाळामागे ठणका, मग दुपारनंतर सगळी अक्षरं जोडीजोडीने दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तुम्ही पापण्या मिटायलाच विसरता. डोळे कोरडे पडलेत." मग त्यांनी तिला लहान मुलीला सांगावं तसं सगळं समजावून सांगितलं. मॉनिटर हातभर लांब ठेवायचा, त्याची वरची कडा नजरेच्या जरा खाली हवी. मागून उजेड पडता कामा नये. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. डोळ्यांत थेंब घालायचे. आणि संध्याकाळनंतर स्क्रीनचा निळा उजेड कमी करून ती पिवळसर करायची. "सगळ्यांनाच याने फरक पडतो असं नाही," ते म्हणाले, "पण करून बघा."

"कामावर मला पिवळं चालत नाही," ती म्हणाली. "रंगच बिघडतील."

"मग घरी तरी करा."

तिने घरी केलं. कॉम्प्युटरवर आणि फोनवर दोन्हीकडे पिवळं लावलं आणि तसंच ठेवून दिलं. आणि तिला खरंच बरं वाटलं. दिवसभर राखाडी खोलीत भगभगीत उजेडाकडे बघून आल्यावर ती मऊ पिवळी स्क्रीन बघितली की तिचा जीव जरा निवायचा.

डॉक्टरांपेक्षा बाबांनी हे प्रकरण जास्त मनावर घेतलं. ते दुसऱ्या गावी, जुन्याच घरात एकटे राहत होते. दुकान आता बंद केलं होतं. रोज संध्याकाळी घार त्यांना व्हिडिओ कॉल लावायची आणि ते हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची टाकून तयार बसलेले असायचे. कॉल लागला की पहिला प्रश्न ठरलेला.

"पिवळं लावलंस का?"

"लावलंय."

"थेंब?"

"घातले हो बाबा."

मग बोलता बोलता मधेच ते हात वर करायचे. "वीस मिनिटं झाली. चल, बाहेर बघ." मग दोघं आपापल्या खिडकीतून लांब बघत बसायची आणि काय दिसतंय ते एकमेकांना सांगायची. बाबांना पाण्याची टाकी दिसायची आणि तिच्या शिडीवर बसलेले कावळे. घारीला एक अर्धवट इमारत दिसायची आणि तिच्यावरची क्रेन. "आज क्रेन कुठे तोंड करून आहे?" बाबा विचारायचे, जणू काही त्यांच्या ओळखीतलं कोणी आजारी होतं. जगात दुसऱ्या कुणाला हे संभाषण ऐकवलं असतं तर त्याने दोघांना वेड्यात काढलं असतं. पण घारीचा दिवस त्या वीस सेकंदांवर निघायचा.

दादा समुद्रापार राहायचा. तिथला दिवस म्हणजे इथली रात्र. तो आठवड्यातून एकदा गाडी चालवता चालवता फोन करायचा, नुसत्या आवाजावर. आई गेली तेव्हा भावाबहिणीत सरळ सरळ ठरलं होतं की बाबांवर नजर ठेवायची घारीने. "तू रोज बघतेस ना त्यांना," दादा म्हणायचा, "मग मला घोर नाही." आणि ती थोड्याशा तोऱ्यातच म्हणायची, "माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही." या वाक्याचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमान काही खोटा नव्हता. बाबांची दाढी वाढली, चष्म्याची दांडी वाकली, शर्टाचं बटण तुटलं, सगळं तिला त्या चौकोनात पहिल्या झटक्यात दिसायचं.

थंडी पडली तशी तिने बाबांना कंपनीतला एक स्वेटर पाठवला. तो मिळाला त्या दिवशी संध्याकाळी तो घालूनच ते कॉलवर आले.

"कुठला रंग आहे हा?" त्यांनी विचारलं.

"निळा," ती म्हणाली.

"मला राखाडी वाटला. म्हटलं, पोरीने मला पण तुमच्या ऑफिसात भरती केलं." आणि ते स्वतःच्याच विनोदावर मान मागे टाकून हसले. आईनंतर ते असे क्वचितच हसायचे. घारीने चटकन एक बटण दाबून स्क्रीनवरचं ते चित्र साठवून ठेवलं.

खरं म्हणजे तिच्या पिवळ्या स्क्रीनवर तो स्वेटर निळा दिसतच नव्हता. मळकट हिरवट काहीतरी दिसत होता. पण तो निळा आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला तो निळा दिसला. पिवळं किती आणि ते वजा केल्यावर खाली काय उरतं, याचा हिशेब तिचं डोकं आपलं आपण करून टाकायचं. तिला त्याची जाणीवसुद्धा नसायची.

हसणं थांबल्यावर बाबांनी दंडावर खाजवलं. हल्ली अंग फार खाजतं म्हणाले. "थंडीने कातडी कोरडी पडते," घार म्हणाली, "तेल लावा." त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "घारे, माझा रंग कसा वाटतो तुला?"

"म्हणजे?"

"म्हणजे चेहऱ्याचा. बरा आहे ना?"

तिने स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि चांगलं निरखून बघितलं. टाळाटाळ केली नाही, घाई केली नाही. "झकास आहे," ती म्हणाली. "स्वेटर खुलून दिसतोय तुम्हाला. का?"

"काही नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हायसं वाटल्यासारखं दिसलं. "आता बाहेर बघ बरं. वीस मिनिटं झाली."

पुढच्या कॉलांमध्ये बाबा जरा लवकर दमायचे. जेवण जात नाही म्हणाले. घारीने त्यांना दटावलं, फळं खायला सांगितली, दुकान बंद झाल्यापासून हालचाल नाही म्हणून भूक लागत नाही असं निदानही करून टाकलं. थोडे बारीक झाल्यासारखे वाटले, पण तो म्हातारपणाचा भाग आहे असं तिने दादालाही सांगितलं. दादा म्हणाला, "तू बघतेयस ना?" ती म्हणाली, "बघतेय."

मग एक दिवस कामावर दुपारी तिच्याकडे थोडा वेळ रिकामा होता. पुढच्या फोटोंचा गठ्ठा यायचा होता. दादाने परवाच बाबांचा एखादा ताजा फोटो मागितला होता, म्हणून तिने तो स्वेटरवाला हसरा फोटो उघडला.

आता यात एक बारीकशी गोष्ट आहे. स्क्रीनवर पिवळं लावलं तरी ते फक्त बघण्यापुरतं असतं. चित्र साठवलं की ते आपल्या मूळ रंगातच साठतं. पिवळा चष्मा लावून फोटो काढला तर चष्मा आपल्या डोळ्यांवर असतो, कॅमेऱ्यावर नसतो, तसं. घारीला हे माहीत होतं. माहीत असून तोवर तिने ते चित्र कामाच्या मॉनिटरवर कधी उघडलं नव्हतं, एवढंच.

फोटो उघडला आणि तिला वाटलं, पिवळी झाक आली आहे. हॉलमधला दिवा बदलला असेल. तिच्या हाताने सवयीने पुढचं काम केलं. खात्रीने पांढरी वस्तू शोधायची. बाबांच्या डोक्यामागे घड्याळ होतं, त्याची तबकडी पांढरी. तिने तबकडीवर क्लिक केलं. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे सारखे आले. म्हणजे झाक नव्हती. तिने भिंतीवर क्लिक केलं. भिंतही पांढरी होती. तिने बाबांच्या हातातल्या कपावर क्लिक केलं, तोही पांढरा निघाला. मग चित्र मोठं करत करत ती त्यांच्या हसऱ्या डोळ्यांपर्यंत आली आणि डोळ्यातल्या पांढऱ्या भागावर तिने क्लिक केलं.

घड्याळ पांढरं होतं, भिंत पांढरी होती, कप पांढरा होता. फक्त बाबा पिवळे होते.

शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं की कुठला माल आहे हा, एवढी पिवळी झाक कशी. घारीने पर्स उचलली आणि ती तशीच राखाडी कपड्यांत स्टेशनवर गेली.

बाबांनी दार उघडलं तेव्हा जिन्यातल्या साध्या उजेडात ते तिला दिसले. त्यांना बघायला घारीची नजर लागत नव्हती. कुणालाही दिसलं असतं. त्यांचे डोळे, तळहात, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं होतं.

"अगं, न सांगता?" ते खूश होऊन म्हणाले. "आणि डोळे किती लाल झालेत तुझे."

हॉस्पिटलात सर्जन बाईंनी तपासण्या केल्या. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती आणि ती आता यकृतात पसरली होती. बाबांच्या पलंगापाशी उभ्या राहून त्या बोलल्या. आवाज काही कठोर नव्हता, पण हातात फाईल होती आणि बाहेर रांग होती. थोडं आधी आणलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता, त्या म्हणाल्या. मग त्यांनी साहजिकच विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का? एवढी कावीळ तर दारातून दिसते."

रोज संध्याकाळी मी यांना बघत होते, असं घारीला सांगायचं होतं. ती नुसती फाईलकडे बघत राहिली.

"मी कुणाला दिसू दिलं नाही," पलंगावरून बाबा म्हणाले.

सर्जन बाई गेल्यावर त्यांनी घारीला जवळ बसवून घेतलं. "रागावू नकोस," ते म्हणाले. "मला आरशात दिसलं होतं. केव्हाच. पण तुझ्या आईच्या वेळी हॉस्पिटलची काय ती दशा झाली होती, आठवतं ना? मला ते नको होतं. तुझं ते पिवळं माझ्या पथ्यावर पडलं. म्हणून तर रोज विचारायचो, लावलंस का म्हणून."

"माझ्या डोळ्यांसाठी नाही विचारलंत?"

"आधी डोळ्यांसाठी," बाबा म्हणाले. "नंतर माझ्यासाठी."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रोजचं ते प्रेमाने विचारणं, खिडकीतून बाहेर बघणं, ते कावळे, ती क्रेन, सगळं एका क्षणात खोटं होऊन गेलं. तिला वाटलं, यांनी माझे डोळे माझ्याच विरुद्ध वापरले. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, तिला कबूल करायलाही लाज वाटेल असा एक सुटकेचा निःश्वास होता, की म्हणजे चूक आपली नव्हती.

दादा आला. घारीने बाबांच्या देखतच त्याला सांगितलं, "यांना माहीत होतं. यांनी लपवलं." दादा प्रवासाने आणि भीतीने अर्धा झाला होता, तो बाबांना जे बोलू नये तेही बोलला. बाबा चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे ओशाळं हसले आणि उशीवर मान वळवून पडून राहिले.

त्यानंतर घारीने त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, चमच्याने सूप भरवलं, रात्ररात्र जागली. पण तोंड आवळून केलं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. बाबा खिडकीकडे बोट करून म्हणायचे, "बघ, इथूनही एक टाकी दिसते," आणि ती म्हणायची, "असू दे." एका दुपारी त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. तिला कान जवळ न्यावा लागला.

"थेंब घातलेस का?" त्यांनी विचारलं.

"घातले," ती म्हणाली. "तुम्ही झोपा आता."

ते झोपले. पुढे ते शुद्धीवर आलेच नाहीत, त्यामुळे तेच त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं.

सगळं आटोपल्यावर माणसं पांगली, दादा कागदपत्रांच्या कामाला बाहेर गेला, आणि घार एकटीच बाबांचं कपाट आवरायला बसली. भेटायला आलेल्या बायकांनी तिचे लाल डोळे बघून रडून रडून काय झालंय पोरीचं असं म्हटलं होतं. ती अजून रडली नव्हती. राग जायला तयार नव्हता आणि राग असेपर्यंत रडू येत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू किल्ली परत द्यायला आल्या. आईच्या वेळेपासूनचा शेजार. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला फार चुटपुट लागून राहिली आहे गं. मी तेव्हाच जोर धरायला हवा होता."

"कशाबद्दल, काकू?"

"अगं, थंडी सुरू झाली तेव्हाच मी त्यांना जिन्यात अडवलं होतं. म्हटलं, तुम्ही मला पिवळे दिसताय, डॉक्टरांकडे जाऊन या. तर म्हणाले, मला मेलं त्यातलं काही कळत नाही, आरशात मी मला जन्मभर एकाच रंगाचा दिसतोय. आज घारीला विचारतो."

घारीच्या हातात घडी घातलेला शर्ट होता. तो तिने मांडीवर ठेवला.

"आणि दुसऱ्या दिवशी," काकू म्हणाल्या, "दोन जिने चढून वर आले माझ्याकडे, दमले होते किती. म्हणाले, विचारलं हो तिला, अगदी नीट बघून म्हणाली की रंग झकास आहे. तुम्हाला तो निळा स्वेटर बघून भास झाला असेल. म्हणाले, त्या पोरीचा डोळा म्हणजे यंत्र आहे, तिने बघितलं म्हणजे झालं. मग मी काय बोलणार? म्हटलं, आपलेच डोळे म्हातारे झाले."

काकू आणखी थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. घारीने कपाटाचा खालचा खण ओढला. त्यात बाबांचे मोजे होते, स्वतः जोड्या लावून नीट गुंडाळून ठेवलेले. तिने पहिली गुंडाळी उलगडली. एक मोजा तपकिरी होता आणि एक हिरवा. दुसरी उलगडली, तीही तशीच. ज्या माणसाला हे दिसत नव्हतं, त्याला आरशात कावीळ दिसली, या गोष्टीवर तिने विश्वास ठेवला होता. जन्मभर ज्याचे मोजे तिने निवडून दिले, त्याच्या त्या एका वाक्यात तिला काहीच खटकलं नव्हतं, कारण ते वाक्य खरं असायला तिला हवं होतं.

त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं होतं. तिने झकास म्हटलं म्हणून ते निर्धास्त झाले होते, आणि सर्जन बाईंनी विचारल्यावर, त्या पलंगावर पडल्या पडल्या, एका क्षणात सगळं उमगून त्यांनी तो दोष उचलून स्वतःच्या अंगावर घेतला होता. मुलाच्या शिव्या खाल्ल्या, मुलीचा अबोला सोसला, आणि खरं काय ते सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचे डोळे कोरडे पडलेत. त्या दुपारी तसं काही वाटलं नाही. मोज्यांचा तो खण मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ रडत राहिली, आणि तिला सारखं वाटत होतं की निदान खिडकीतली ती टाकी तरी आपण बघायला हवी होती.

दादाला तिने हे सांगितलं नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. पण बाबांनी जे जीव जाईपर्यंत जपलं ते आपण उधळू नये, असं तिला वाटलं. की धीर झाला नाही म्हणून ती स्वतःची समजूत घालत होती, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

परत गेल्यावर दादाने तो हसरा फोटो भिंतीवर लावायला मागितला. "रंग तेवढा नीट कर," तो म्हणाला. घारीने कामावर, राखाडी खोलीत, सगळे गेल्यावर तो उघडला. काम सोपं होतं. असली कामं ती दिवसातून कितीतरी करायची. डोळ्यांतलं पिवळं काढलं, गालावरचं काढलं, तळहातावरचं काढलं. स्वेटरला हात लावायची गरज नव्हती, तो आधीच निळा होता. काम झालं आणि ती मागे टेकून बघत राहिली. निरोगी, हसरे, झकास रंगाचे बाबा तिच्याकडे बघत होते. हा चेहरा तिच्या चांगला ओळखीचा होता. रोज संध्याकाळी तिने हाच तर बघितला होता.

आता ती घरच्या कॉम्प्युटरवर पिवळं लावत नाही. फोनवरचंही काढून टाकलं आहे. संध्याकाळी डोळ्यांची आग आग होते, कपाळ ठणकतं, पण ती लावत नाही. दादा मात्र बदलला आहे. गाडी चालवताना फोन करणं त्याने सोडलं, आता तो घरी बसून व्हिडिओ कॉल करतो.

"जरा उजेडात ये," ती म्हणते.

"आलो."

"वर बघ. छताकडे. नुसते डोळे."

"अगं, परवाच बघितलंस की."

"बघ ना."

तो वर बघतो. ती स्क्रीनजवळ तोंड नेते आणि त्याच्या मागची पांढरी भिंत आधी बघते, मग त्याचे डोळे.

परवा डोळे खाली आणताना तोही तिच्याकडे निरखून बघायला लागला. "घारे, तुझे डोळे केवढे लाल झालेत गं," तो म्हणाला. "बाबा सांगायचे ते पिवळं लावलंस का?"

"लावलंय," ती म्हणाली, आणि पापणीसुद्धा न लववता त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते पांढरे होते.